मुलगी कार्टव्हील छान मारते, पण जिम्नॅस्टिक्सचा कोणता प्रकार निवडायचा?

सहा-सात वर्षांची मुलगी सोफ्यावरून उलट्या मारते. क्लासमधले सर म्हणतात, 'हिच्यात टॅलेंट आहे, रोजच्या कॉम्पिटिशन बॅचला टाका.' मग घरात चर्चा सुरू होते, आर्टिस्टिक की ऱ्हिदमिक? बहुतेक वेळा उत्तर ठरतं ते जवळच्या क्लासमध्ये काय शिकवतात त्यावरून. पण पुढची कितीतरी वर्षं, शाळेची वेळ आणि घरचा बराचसा पैसा या एका उत्तरावर अवलंबून असतो.

ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचे तीनच प्रकार आहेत: आर्टिस्टिक, ऱ्हिदमिक आणि ट्रॅम्पोलिन. त्यातही ऱ्हिदमिक तिथे फक्त मुलींसाठी. एरोबिक आणि अ‍ॅक्रोबॅटिकच्या जागतिक स्पर्धा होतात, पण ते ऑलिम्पिकमध्ये नाहीत. क्लासच्या जाहिरातीत हे सहसा लिहिलेलं नसतं, म्हणून आधीच विचारून घ्यावं.

माझं मत विचाराल तर सातव्या वर्षी प्रकार पक्का करूच नये. आर्टिस्टिकचा पाया, म्हणजे हँडस्टँड, उडी, नीट लँडिंग, पुढे ट्रॅम्पोलिन किंवा अ‍ॅक्रोबॅटिकलाही उपयोगी पडतो. ऱ्हिदमिकमध्ये लवचीकपणा आणि हूप, बॉल, क्लब्ज, रिबन यांवरचा हात लागतो. तिथून उलट आर्टिस्टिककडे येणं अवघड. अपवाद एकच, मुलगी संगीत लागलं की आपोआप हलायला लागत असेल आणि उंच उड्यांना घाबरत असेल, तर तिला ऱ्हिदमिकलाच जाऊ द्या.

घाई कशाची आहे, हा खरा प्रश्न आहे. १९७६ मध्ये नादिया कोमानेची १४ व्या वर्षी परफेक्ट टेन मिळवून गेली आणि 'लहान वयातच सगळं' ही समजूत पक्की झाली. पण १९९७ पासून महिला आर्टिस्टिकमध्ये सीनियर आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे सात वर्षांच्या मुलीच्या हातात नऊ वर्षं आहेत. दीपा करमाकर २०१६ च्या रिओमध्ये व्हॉल्टमध्ये चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं, तेव्हा ती २३ वर्षांची होती. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना तर टोकियोत ४६ व्या वर्षी उतरली. पाया लवकर घालावा लागतो, हे खरंच. पण पाया घालणं वेगळं आणि वाढत्या वयाच्या मनगटांवर रोज चार तास भार टाकणं वेगळं. मनगट किंवा कंबर दुखते असं मूल सांगत असेल तर ती 'नाटकं' समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रकारापेक्षा मी कोच आणि हॉल आधी बघेन. हॉलमध्ये फोम पिट आणि जाड मॅट आहेत का? नवीन उडी शिकवताना कोच हात धरून आधार देतात का? चूक झाली की ओरडतात की पुन्हा दाखवतात? ब्रिटनमध्ये २०२२ च्या व्हाइट रिव्ह्यू अहवालाने तिथल्या जिम्नॅस्टिक्समधला शारीरिक आणि मानसिक छळ उघड केला. लहान मुलींच्या वजनावरून टोमणे हाही त्याचाच भाग होता. त्यामुळे पालकांना सराव बघू न देणाऱ्या क्लासचा फॉर्म मी तरी भरणार नाही.

आणि गावात पिट, बीम काहीच नसेल तर? मल्लखांब आहे की! खांदे, पकड, उलटं असताना न घाबरणं, सगळं तिथे येतं. 'खेलो इंडिया'तही तो आहे. दहाव्या वर्षापर्यंत मूल त्यावर रमलं, तर शहरातल्या हॉलचा विचार तेव्हा करता येईल.