बंब, नळ्या आणि नातवाचा कॉम्प्युटर

दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरात तापणारा तांब्याचा बंब आपल्यातल्या साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. मध्ये निखारे, भोवती पाणी, दोघांमध्ये तांब्याचा पत्रा. मुलांनो, तुम्ही तो पाहिला नसेल, आजी-आजोबांना विचारा. कॉम्प्युटरचं वॉटर कूलिंग म्हणजे हाच बंब, फक्त हेतू उलटा. तिथे पाणी तापवायचं असे, इथे निखारा गार ठेवायचा असतो.

हे आत्ता सांगायचं कारण, पंधरा वर्षांनी मी या उद्योगात पुन्हा पडलो आहे. माझा नातू तेरा वर्षांचा. फोर्टनाइट बनवणारी एपिक गेम्स आपल्या कॅरीचीच, त्यामुळे या खेळाबद्दल त्याला गावचा अभिमानही आहे. त्याला स्वतःच्या हातांनी जोडलेला, पाण्याने गार होणारा कॉम्प्युटर हवा. चित्र त्याच्या मनात पक्कं: काचेसारख्या नळ्या, काटकोनात वळवलेल्या, आत जांभळं पाणी, भोवती दिवे. मी म्हटलं, काळी रबरी नळी घेऊ. तो म्हणाला, "आजोबा, ती गाडीच्या बॉनेटखालच्या नळीसारखी दिसते." अगदी बरोबर. म्हणूनच घ्यायची.

आधी एक प्रामाणिक गोष्ट. तुमच्यापैकी बहुतेकांना याची गरज नाही. ईमेल, झूम, फोटो यांसाठी पंखा पुरतो, आणि चांगला एअर कूलर साध्या गेमिंगलाही पुरतो. पण आजची मोठी ग्राफिक्स कार्डं निराळी आहेत. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॉट, २०२५ च्या ५०९० ची ५७५. टेबलाखाली छोटी शेगडीच म्हणा ना. तेवढ्याच आकारमानाची हवा जितकी उष्णता वाहून नेते, त्याच्या साधारण साडेतीन हजार पट पाणी नेतं. मोठ्या यंत्रांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. आयबीएमच्या १९८० च्या ३०८१ मेनफ्रेममध्ये थंड पाणी खेळवलेलं होतं. नव्वदीच्या दशकात कमी तापणाऱ्या चिपा आल्या, पाणी गेलं, पंखे आले. मग चिपा पुन्हा तापल्या आणि पाणी परत आलं. शेजारच्या मॉरिसव्हिलमध्ये अमेरिकेतलं मुख्यालय असलेली लेनोवो आज नेपच्यून नावाने पाण्याने गार होणारे सर्व्हर विकते, आणि पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणकही द्रवानेच गार होतो.

आता माझी फजिती. पस्तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना उष्णतावहन शिकवलं, आणि स्वतःच्या पहिल्या कॉम्प्युटरला तांब्याचा ब्लॉक आणि स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावला. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की त्यांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. वर्षभरात पांढरट गाळ साचला, रेडिएटरला टाचणीएवढं भोक पडलं आणि मदरबोर्ड गेला. आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही शिकवत होतात ना?" त्यानंतर मी तो नाद सोडला.

म्हणून पहिला नियम धातूचा. तांबं, पितळ, निकेलचा मुलामा चालेल. ॲल्युमिनियम कुठेही नको. स्वस्त रेडिएटर घेताना तो कशाचा आहे हे दुकानदाराला विचारा, रंगावर जाऊ नका.

नळीबद्दल माझं मत ठाम आहे. पारदर्शक मऊ नळी बहुधा पीव्हीसीची असते. ती लवचीक राहावी म्हणून तिच्यात मिसळलेलं रसायन हळूहळू पाण्यात उतरतं. नळी धुरकट होते, आणि तो चिकट मळ ब्लॉकच्या आतल्या केसासारख्या बारीक खाचांत बसतो. ईपीडीएम रबराच्या काळ्या नळीत हा त्रास फारच कमी. आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटर माप घ्या; भिंत जाड असल्याने ती वळणावर दुमडत नाही. कात्रीने कापता येते, चुकली तर पुन्हा कापता येते. कडक नळी मात्र हीट गनने तापवून वाकवावी लागते आणि मिलिमीटरभर चुकली की फेकावी लागते. तीच हवी असेल तर पेटजीपेक्षा ऍक्रिलिक घ्या. पंप बंद पडून पाणी फार तापलं तर पेटजी आधी मऊ पडते आणि फिटिंगमधून सुटू शकते.

रंगीत पाणी नकोच. डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ-जंतू न होऊ देणारं औषध, बस्स. नातवाचा दुसरा प्रश्न चांगला होता: आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड? आम्ही कागदावर गणित केलं. मिनिटाला ४ लिटर पाणी वाहत असेल तर ४५० वॉटचं कार्ड ते पाणी जेमतेम दीड-दोन अंशांनी तापवतं. तेव्हा क्रमाची चिंता सोडा, नळीचा मार्ग जिथून सोपा तिथून न्या. आणि हे पाणी माठातल्यासारखं खोलीपेक्षा गार कधीच होणार नाही. माठ झिरपतो, त्याचं पाणी उडून जातं. हा बंद फेरा आहे.

तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशाला, बंदिस्त तयार कूलर मिळतोच की. मिळतो, आणि पहिली चार-पाच वर्षं उत्तम चालतो. पण त्यातलं पाणी नळीतून हळूहळू उडतं, बहुतेकांत ते पुन्हा भरता येत नाही, आणि पंप गेला की सगळंच कचऱ्यात. आपण इथे आलो तेव्हा गाडीचं तेल स्वतः बदलायचो. आपल्या मुलांना मात्र आपण सगळं बंद डब्यात आणून दिलं, आणि वर तक्रार करतो की त्यांना हाताने काही येत नाही. खर्च दुप्पट-तिप्पट होतो हे मान्य. तरी पंप, टाकी, फिटिंग वेगवेगळं घ्या, फिटिंगला जी एक-चतुर्थांश हा सर्वमान्य आटा असू द्या, आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. तोटीशिवाय फेरा जोडणं म्हणजे मोरीशिवाय न्हाणीघर बांधणं.

शेवटी आमची तडजोड झाली. माझा हात आता थरथरतो, त्याचा स्थिर आहे. बाकी सगळीकडे काळी नळी, आणि समोरून दिसणारा एक तुकडा ऍक्रिलिकचा, त्याने वाकवलेला. पहिले तीन वाया गेले. ते त्याच्या साठवलेल्या पैशातले होते, त्यामुळे चौथा त्याने फार सावकाश तापवला.

परवा आम्ही पाणी भरलं. मदरबोर्डची वीज तोडलेली, फक्त पंप चालू, प्रत्येक सांध्याखाली पेपर टॉवेल. असं चोवीस तास ठेवायचं. रात्री दोनला मी टॉर्च घेऊन गराजमध्ये गेलो तर नातू तिथे आधीच स्लीपिंग बॅगेत बसलेला. म्हणाला, "आजोबा, कोरडे आहेत."