एक फोटो, तीन गिऱ्हाइकं

दोस्तांनो, आज एक हिशेब मांडू या. हा हिशेब पैशांचा आहे खरा, पण त्यात माल म्हणून ठेवलाय एक चेहरा. आणि तो चेहरा आहे चक्क तुमचा!

समजा, गुढीपाडव्याची सकाळ आहे. गावात शोभायात्रा निघाली आहे. तुम्ही शाळेच्या लेझीम पथकात अगदी पुढच्या रांगेत आहात. डोक्याला फेटा, कपाळावर चंद्रकोर, चेहरा घामाने नुसता निथळतोय. ताल असा जमलाय की आजूबाजूचं भानच नाही. रस्त्याच्या कडेला एक फोटोग्राफर गुडघ्यावर बसलाय. क्लिक! तुम्हाला पत्ताही नाही. यात्रा पुढे गेली, तोही पुढे गेला.

आता त्या फोटोला तीन गिऱ्हाइकं आली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तुमची आई. दुसरं, एक वर्तमानपत्र. आणि तिसरं, केसांना लावायचं तेल विकणारी एक कंपनी. फोटो एकच, विकणाराही एकच. मग या तिन्ही विक्री सारख्याच म्हणायच्या का? खरी मेख इथेच आहे. चला, एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊ.

पहिलं गिऱ्हाईक : आई

हा धंदा जुना आणि सरळ आहे. मुंबईला गेट वे ऑफ इंडियापाशी गेलात, तर गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोग्राफर तुमच्याजवळ येतील. ते आधी विचारतात, भाव सांगतात, तुम्ही ‘हो’ म्हणालात तरच फोटो काढतात, आणि थोड्याच वेळात छापील फोटो तुमच्या हातात ठेवतात. विचारणं आधी, फोटो नंतर!

स्नेहसंमेलनातला फोटोग्राफर मात्र आधी फोटो काढतो. रोलचे कॅमेरे होते, तेव्हा अनेक शाळांत असे फोटो नंबर घालून फळ्यावर लावत. मुलं त्याभोवती गर्दी करायची आणि आपापला नंबर लिहून द्यायची. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. आज मोठ्या मॅरेथॉन शर्यतीत हेच होतं, फक्त फळ्याच्या जागी संगणक आलाय. धावणाऱ्याच्या छातीवर जो क्रमांक असतो, त्यावरून हजारो फोटोंतून त्याचे फोटो वेगळे काढतात. आधी फोटोवर आडवी-तिडवी अक्षरं उमटवून नमुना दाखवतात. पैसे भरले, की स्वच्छ फोटो मिळतो.

यात वावगं काही नाही. उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, महागडी भिंगं सांभाळायची, हजार फोटोंतून दहा निवडायचे, ही मेहनत आहे. आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही सांगतो, की फोटोवर पहिला हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा. पैसे देऊन खास तुमच्यासाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर मात्र तो हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो.

पण एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. आता काही ठिकाणी छातीवरचा क्रमांकही लागत नाही. आपल्या चेहऱ्याचा एक फोटो दिला, की संगणक गर्दीतून तुमचे सगळे फोटो शोधून काढतो. सोय आहे खरी! पण तुमचा फोटो तुमच्या आईकडे आहे, तसा आणखीही कुणाकुणाकडे असतो. त्याने तो दिला, तरी संगणक तुम्हालाच शोधून देईल. म्हणून असे फोटो कुलूप नसलेल्या कपाटात ठेवल्यासारखे सर्वांसाठी खुले नकोत.

दुसरं गिऱ्हाईक : वर्तमानपत्र

वर्तमानपत्राने तुम्हाला विचारायला हवं होतं का? थोडं थांबा. शोभायात्रेत, मोर्च्यात, पालखीत हजारो माणसं असतात. प्रत्येकाची परवानगी घ्यायची म्हटली, तर एकही फोटो छापता येणार नाही. मग पुढच्या पिढीला कळणार कसं, की आपल्या गावात पाडवा असा साजरा व्हायचा? म्हणून बातमीच्या फोटोला जगभर बरीच मोकळीक असते.

या मोकळिकीची एक गंमतशीर जुनी गोष्ट आहे. जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क १८९८ साली वारले. त्याच रात्री दोन फोटोग्राफर गुपचूप त्यांच्या खोलीत शिरले, मृतदेहाचा फोटो काढला आणि तो विकायला निघाले! बिस्मार्क यांची मुलं न्यायालयात गेली आणि जिंकली. पण चित्रातल्या माणसाचा आपल्या चित्रावर काही हक्क असतो का, याचं स्पष्ट उत्तर कायद्यात नव्हतं. ते उत्तर १९०७ सालच्या जर्मन कायद्याने दिलं. माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय लोकांपुढे आणायचं नाही, असा त्याने नियम केला. आणि त्याला थोडे अपवादही ठेवले. त्यातला एक आपल्या कामाचा आहे : सभा, मिरवणुका आणि तसेच समारंभ.

पण अपवाद मिरवणुकीच्या चित्राला, बरं का! म्हणजे चित्र मिरवणुकीचं दिसायला हवं. मिरवणुकीतून एकच चेहरा उचलून मोठ्ठा करून दाखवला, तर ती मिरवणूक राहत नाही, तो एक माणूस होतो. त्या माणसाची अडचण होत असेल, तर तीही बघावी लागते.

आपल्या उदाहरणाकडे या. ‘पाडव्याला लेझीम रंगली’ या ओळीवर तुमचा फोटो आला, तर तुम्ही तो कापून वहीत चिकटवाल. पण समजा, घामाने निथळणारा तोच चेहरा दोन महिन्यांनी ‘उन्हाच्या झळांनी मुले आजारी’ या बातमीवर छापला तर? फोटो खरा, बातमीही खरी, आणि दोन्ही मिळून मात्र खोटं! तुम्ही तर त्या दिवशी ठणठणीत होता.

आणि कुणी म्हणालं, ‘ही बातमी नाही, ही माझी कला आहे’, तर? न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर या गजबजलेल्या चौकात एका नामवंत छायाचित्रकाराने येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्याच्या प्रतींना हजारो डॉलर आले. त्यातल्या एका गृहस्थांनी दावा लावला. माझ्या धर्मश्रद्धेला हे मान्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २००६ साली तिथल्या न्यायालयाने निकाल दिला, की ही कला आहे, त्यामुळे विकायला हरकत नाही. कायद्याने फोटोग्राफर जिंकला. त्या गृहस्थांना काय वाटलं असेल, याचं उत्तर मात्र निकालपत्रात शोधून मिळायचं नाही. तुम्हाला काय वाटतं?

तिसरं गिऱ्हाईक : तेलाची कंपनी

आता सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. एक दिवस तुम्ही बाजारात जाता आणि दुकानावर तुमचाच हसरा चेहरा टांगलेला! खाली तेलाच्या बाटलीचं चित्र. जणू तुम्हीच सांगताय, ‘घ्या हे तेल!’ तुम्ही ते तेल कधी लावलेलंही नाही.

अस्संच एका मुलीच्या बाबतीत खरोखर घडलं. तिचं नाव ॲबिगेल रॉबर्सन, राहणार अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात. तुमच्या ताईएवढी असेल. तिचा फोटो मिरवणुकीतला नव्हता, साधा तसबिरीसारखा होता. एका पीठ विकणाऱ्या कंपनीने तिला न विचारता तो जाहिरातीवर छापला आणि सुमारे पंचवीस हजार प्रती दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांतसुद्धा लावल्या. ओळखीचे लोक बघून हसू लागले. त्या धसक्याने ॲबिगेलने अंथरूण धरलं. अल्पवयीन असल्यामुळे तिच्या वतीने पालकांनी दावा लावला.

१९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीशांपुढे निकाल लागला. चार विरुद्ध तीन अशा मतांनी ॲबिगेल हरली! का? तर असा हक्क देणारा कायदाच नव्हता. लोक मात्र खवळले. वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०३ साली, त्या राज्याने कायदा केला : जाहिरातीसाठी किंवा धंद्यासाठी कुणाचं नाव वा चित्र वापरायचं, तर त्याची लेखी संमती हवी. अल्पवयीन असेल तर पालकांची. दावा हरलेल्या एका मुलीमुळे झालेला तो कायदा आजही तिथे आहे.

आपल्याकडे काय आहे? संमतीशिवाय कुणाचं नाव किंवा चेहरा जाहिरातीत वापरणं हा त्याच्या खासगीपणावरचा घाला आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली म्हटलं. २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. संगणकावरच्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ साली वेगळा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्यांना ‘बालक’ मानलंय आणि पालकांची संमती महत्त्वाची ठरवलीय. जबाबदार कंपन्या जाहिरातीसाठी फोटो घेताना त्यातल्या माणसाचं सही केलेलं संमतीपत्र मागतातच. ते नसेल, तर फोटो फक्त बातमी-लेखासाठी, असा शिक्का त्यावर बसतो.

आता लक्षात आलं ना? मिरवणुकीत उतरलात म्हणजे ‘मला बघा’ एवढं तुम्ही म्हणालात. ‘मला विका’ असं काही म्हणाला नाहीत!

आणि कॅमेरा तुमच्या हातात असेल तर?

आज घरोघरी मोबाइल आहे, म्हणजे तुम्हीसुद्धा फोटोग्राफरच. दहीहंडीत पडलेला गोविंदा, नाटकात वाक्य विसरून रडवेली झालेली मैत्रीण, जत्रेत फुगे विकणारं लहान मूल, असे फोटो पटकन निघतात आणि त्याहून पटकन पसरतात. म्हणून तीन प्रश्न मनाशी पक्के करा. हा फोटो समारंभाचा आहे की एकट्या माणसाचा? एकट्याचा असेल, तर मी त्याला विचारलं का? आणि हा फोटो माझा असता, तर चारचौघांत लावलेला मला चालला असता का? फुगे विकणाऱ्या मुलाचा फोटो स्पर्धेत बक्षीस मिळवून देईलही. पण त्याला तो दाखवलात का? त्याच्या आईला विचारलंत का?

आई-बाबा, या दोन ओळी तुमच्यासाठी. स्पर्धेच्या किंवा शिबिराच्या अर्जावर सही करण्याआधी बारीक अक्षरातल्या अटी जरूर वाचा. ‘फोटो प्रसिद्धीसाठी वापरू’ अशी अट तिथे बऱ्याचदा असते, आणि पटत नसेल तर तसं लेखी कळवायला संकोच करू नका.

आता या आठवड्याचा उद्योग. घरातली जुनी वर्तमानपत्रं काढा आणि गर्दीचे दहा फोटो कापा. त्यांचे दोन ढीग करा : समारंभ दाखवणारे आणि एकच चेहरा दाखवणारे. मग दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक फोटोखाली लिहा, ‘हिला विचारलं असेल का?’ उत्तरावरून घरात वाद झाला, तर फारच उत्तम. तो वाद आम्हाला पत्राने कळवा!