न्यूटन म्हणजे नवगावकर!



परवा नातू शाळेतून आला नि म्हणाला, "आजोबा, इंग्रजीच्या बाईंनी सगळ्यांना आडनावाचा अर्थ विचारला. मला सांगताच आला नाही!" म्हटलं, बस, आधी इंग्रजांचीच आडनावं बघू.

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हा तिथल्या बहुतेक माणसांना एकच नाव असे. पुढे एकाच गावात दहा-दहा जॉन झाले. हाक कोणाला मारायची? मग धंद्यावरून ओळख पडली. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, बेकर म्हणजे पाववाला, कूपर म्हणजे लाकडी पिंपं करणारा. फ्लेचर बाण बनवायचा. बाण गेले, आडनाव राहिलं!

काहींना बापाचं नाव चिकटलं. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, आपल्या हिब्रूतल्या 'बेन'सारखंच. काहींना रूपावरून नाव पडलं, जसं शॉर्ट म्हणजे बुटका. आणि काहींना जागेवरून. हिल टेकडीपाशी राहायचा. आडनावाच्या शेवटी 'टन' आलं की बहुधा गाव किंवा वाडी समजावी. न्यूटन म्हणजे नवं गाव.

नातू ओरडला, "म्हणजे तो सफरचंदवाला न्यूटन नवगावकर होता?"

अगदी बरोबर! अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यालाच फुटलेल्या जहाजातून वाचलेले आपले पूर्वज लागले, असं आपले वाडवडील सांगत आले. पुढे ते कोकणात गावोगाव पसरले. पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर. ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इंग्रजांसारखी धंद्यावरून आडनावं पडली असती, तर आपण सगळेच तेली झालो असतो!

इस्राएलला आल्यावर काहींनी हिब्रू आडनावं घेतली. त्यात वाईट काही नाही. पण आजच्या पुष्कळ कूपरांना पिंपाची गोष्ट ठाऊक नसते. आपल्या नातवंडांचं तसं होऊ नये. आडनाव बदललं तरी गाव सांगून ठेवा.

मुलांनो, या शुक्रवारी जेवायला बसाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, "आपलं गाव कोणतं?" आणि नकाशावर ते शोधून काढा. आमच्या नातवाने पेण शोधलं, वहीत लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बाईंना ऐटीत सांगितलं.