पंगतीतली गोळी

गेल्या लग्नसराईत आमच्या भाऊजींनी पंगतीला बसता बसता खिशातून निळी कॅप्सूल काढली, पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि वाढप्याला हाक मारली, "जिलेबी येऊ द्या इकडे!" दोन दिवसांनी फोन आला. स्वर विजयाचा. "अरे, कमोडमध्ये चक्क तेलाचा तवंग! चरबी निघाली बघ."

ती कॅप्सूल वजन उतरवण्यासाठीच्या ऑरलिस्टॅटची. या औषधाबद्दलचे बहुतेक गैरसमज भाऊजींच्या एका वाक्यात मावले आहेत, म्हणून तोच आमचा पूर्वपक्ष.

पहिला मुद्दा तवंगाचा. ते तेल ढेरीतलं नव्हतंच. ते पंगतीतल्या भज्यांचं आणि वरणभातावरच्या तुपाचं होतं. तेल-तूप म्हणजे बहुतांशी ट्रायग्लिसराइड, ग्लिसरॉलच्या एका कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. हा रेणू आतड्याच्या अस्तरातून अख्खा आत शिरत नाही. सुपारीसारखा तो आधी कातरावा लागतो, आणि त्यासाठीचा अडकित्ता म्हणजे लायपेज हे विकर. थोडं जठरातलं, बरंचसं स्वादुपिंडातलं. ऑरलिस्टॅट नेमकं या अडकित्त्याच्या पात्यांत जाऊन चिकटतं आणि तो निकामी होतो. स्वादुपिंड मात्र पुढच्या जेवणाला नवे अडकित्ते पाठवतंच. म्हणून कॅप्सूल प्रत्येक स्निग्ध जेवणासोबत, फार तर त्यानंतर तासाभरात घ्यायची. १२० मिलिग्रॅमच्या मात्रेने खाल्लेल्या मेदापैकी सुमारे ३० टक्के मेद न पचता बाहेर पडतो. औषध स्वतः रक्तात जवळजवळ उतरतच नाही. मग ते ढेरीपर्यंत पोचणार कोणत्या वाटेने?

साठलेली चरबी जळते तेव्हा तिची वाट वेगळीच असते. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये तिचा हिशेब मांडला: १० किलो चरबी जळून गेली, तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातात आणि उरलेल्याचं पाणी होतं. म्हणजे ढेरी उतरते ती नाकातोंडातून. कमोडमध्ये तिचा पुरावा शोधणं व्यर्थ.

दुसरा मुद्दा जिलेबीचा. तिच्यातलं तूप औषध काही अंशी अडवेल. मैदा आणि पाक मात्र बिनबोभाट आत जातील, कारण पिष्ट आणि साखर पचवणारी विकरं निराळी आणि ऑरलिस्टॅट त्यांच्या वाटेला जात नाही. आता आकडेमोड करू. दिवसभरात ६० ग्रॅम मेद खाल्ला आणि त्यातला १८ ग्रॅम अडला, तर ग्रॅमला ९ प्रमाणे वाचले जेमतेम १६२ उष्मांक. दोन-चार जिलब्यांत एवढी बचत पानावरच खर्ची पडते.

हे ऐकून दुसरी टोळी सरसावते: "म्हणजे निव्वळ लूट! वर केमिकल." तिचंही खंडन करायला हवं. ऑरलिस्टॅटचा मूळ पदार्थ लिपस्टॅटिन हा मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूने तयार केलेला. अमेरिकेत औषधाला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. स्वीडनमध्ये ३,३०५ स्थूल माणसांवर चार वर्षं चाचणी झाली. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना होता. नुसत्या सल्ल्यावरच्या गटाचं वजन ३ किलोने उतरलं, औषधाच्या गटाचं ५.८ किलोने, मधुमेह झालेल्यांचं प्रमाण ९ टक्क्यांऐवजी ६.२ टक्के राहिलं. हा चमत्कार नाही, पण थापही नाही.

तेव्हा आमचं मंडन असं: ही गोळी ताटाची आहे, पोटाची नाही. ताटात तेल बेताचं असेल तर ती निमूट काम करते. थाळी तेलाने निथळत असेल तर घाईची शौच, कपड्यांवर डाग, चारचौघांत फजिती. लोक याला दुष्परिणाम म्हणतात, पण तो औषधाचा परिणामच आहे, फक्त डोळ्यांना दिसणारा. अडवलेलं तेल कुठून तरी बाहेर पडणारच. अशी रोखठोक समज देणारी औषधं थोडी.

अर्थात ती मनाने घ्यायची नाही. तेलाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटतात, म्हणून त्यांची गोळी रात्री निजताना, निदान दोन तासांच्या अंतराने घ्यावी. थायरॉइडच्या गोळीत आणि हिच्यात चार तास हवेत. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. गरोदरपणात किंवा पित्ताचा प्रवाह अडलेला असेल तर हिचं नावच काढायचं नाही.

भाऊजींना एवढं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग गोळी सोडून देऊ?"

"ते डॉक्टरांना विचारा. पण तिच्यासोबतचा कागद एकदा वाचा, भाऊजी. जेवणात तेल-तूप नसेल तर त्या वेळची गोळी घेऊ नका, असं लिहिलंय त्यात."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "म्हणजे तिलाही जिलेबीचं काही कळत नाही तर!"