राणीबागेला जाताना

सुटी लागली की मुले राणीबागेचा हट्ट धरतात. आईवडील खर्चाच्या भीतीने 'पुढच्या रविवारी' म्हणतात आणि मुले तशीच मोठी होतात. म्हणून आम्ही येथे हिशोबच मांडतो.

2017 साली पालिकेने दर वाढवले, तेव्हा मोठ्या माणसाला 50 रुपये आणि लहान मुलाला 25 रुपये ठरले. पण आईवडील व दोन मुले मिळून 100 रुपये. म्हणून खिडकीवर आधी कुटुंबाच्या तिकिटाची चौकशी करावी. बुधवारी बाग बंद असते. भायखळा स्टेशनाच्या पूर्वेला उतरावे, तेथून चालत जाता येते.

पेंग्विन सर्वांनाच पाहायचे असतात. दुपारी गर्दी वाढते, तेव्हा सकाळीच तिकडे जावे. हे हंबोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत, हे मुलांना सांगावे. 2020 साली औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून येथे वाघांची जोडी आणली होती, हेही सांगावे. आता बऱ्याच ठिकाणी गजांऐवजी काच आहे. तिच्यावर मुलांना थापट्या मारू देऊ नयेत. प्राण्यांना डिवचण्यास व खायला घालण्यास 1972 च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे.

शेवटची गोष्ट पुरुष वाचकांसाठी. घरची बाई पहाटे चारला उठून चपात्या लाटणार आणि दिवसभर पिशव्या वाहणार असेल, तर ती सहल तिची नव्हेच. आदल्या रात्री सर्वांनी मिळून तयारी करावी. पिशवी आपण उचलावी, धाकट्याला आपण कडेवर घ्यावे. एक दिवस तरी तिनेही हात मोकळे ठेवून पेंग्विन पाहावेत.