शपथ कोणत्या भाषेत?

२५ जून २०२४ रोजी मी प्रवेशअर्जाच्या रांगेत उभी होते आणि पुढच्या मुलीच्या मोबाइलवर दिल्लीतला शपथविधी चालू होता. नगरचे नवे खासदार निलेश लंके यांचे नाव पुकारले गेले. ते उठले आणि त्यांनी इंग्रजीत शपथ घेतली. रांगेतल्या आम्ही चार-पाच जणींनी टाळ्या वाजवल्या. खिडकीतल्या कारकुनाने मान वर करून पाहिले.

टाळ्यांचे कारण बहुतेकांना ठाऊक असेल. निवडणुकीच्या प्रचारात लंके यांचे प्रतिस्पर्धी सुजय विखे यांनी एक आव्हान दिले होते. आपण संसदेत जसे इंग्रजी बोललो तसे लंक्यांनी महिनाभरात, पाठ करून का होईना, बोलून दाखवावे. मग आपण उमेदवारी अर्जच भरणार नाही, अशा अर्थाचे ते बोलणे होते. मतदारांनी लंक्यांना निवडून दिले आणि त्यांनी भर लोकसभेत त्या आव्हानाची परतफेड केली. आमच्यासारख्या पालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलींना त्या क्षणी आपणच जिंकल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

परंतु पुढे तीन आठवड्यांनी माझीही परीक्षा झाली. एका तासाला प्रत्येकाने उभे राहून इंग्रजीत आपली ओळख करून द्यायची होती. मी रात्री चार वाक्ये पाठ केली होती. तिसऱ्या वाक्याला अडकले. मागच्या बाकांवरून हसू आले. त्या रात्री मला लंक्यांची शपथ पुन्हा आठवली, आणि ती का आवडली याबरोबर ती कुठे खुपते तेही कळले. लाखो मतदारांनी ज्याला उत्तीर्ण केले, त्याने हरलेल्या माणसाने काढलेली प्रश्नपत्रिका का सोडवावी? त्यांनी मराठीत शपथ घेतली असती तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. दोष त्यांचा नव्हे, आमच्या टाळ्यांचा आहे.

वास्तविक संसदेत मराठीला मज्जाव नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी खासदारांनी त्याच दोन दिवसांत मराठीत शपथ घेतली. मराठी भाषणाचा तत्काळ अनुवाद होण्याची सोय लोकसभेत आहे आणि २०२५ साली ती परिशिष्टातल्या आणखी काही भाषांना मिळाली. तथापि आपल्या संविधानाचा १२० वा अनुच्छेद वाचला तर जरा थबकायला होते. संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल, असे तो सांगतो. आणि ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतील, असेही सांगतो. म्हणजे मराठीत बोलायचे तर आधी ‘मला येत नाही’ असे मान्य करायचे! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपल्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले. १२० वा अनुच्छेद मात्र आहे तिथेच आहे.

नव्या खासदाराचे पहिले दिवस कसे जात असतील? अठराव्या लोकसभेत २८० सदस्य प्रथमच निवडून आलेले होते. आपल्या जिल्ह्यातून ठाण्याचे नरेश म्हस्के आणि भिवंडीचे सुरेश म्हात्रे हे दोघे नवे. (कल्याण पश्चिमेला राहणारे अनेकजण आपण कल्याण मतदारसंघात आहोत असे समजतात, ते भिवंडीत आहेत.) कल्याणचे श्रीकांत शिंदे तिसऱ्यांदा गेले, २०१४ साली ते प्रथम गेले तेव्हा त्यांचे वय २७ होते. त्या पहिल्या अधिवेशनात शपथ, अध्यक्षांची निवड, राष्ट्रपतींचे अभिभाषण आणि त्यावरील आभाराचा ठराव एवढेच झाले. प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. एरवीही तोंडी उत्तराचे प्रश्न दिवसाला फक्त २० आणि तेही सोडतीने. सूचना १५ दिवस आधी द्यायची. भाषणाचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो. सात-आठ सदस्यांच्या पक्षातल्या नवख्याच्या वाट्याला त्यातली किती मिनिटे येत असतील! गावाकडे जंगी मिरवणूक, आणि तिथे मागच्या बाकावर बसून सोडतीत नाव निघण्याची वाट पाहणे. माझ्या पहिल्या सत्राहून फारसे वेगळे नाही.

संसद म्हटली की आपले ज्येष्ठ लोक नाथ पै आणि मधु दंडवते यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची आठवण काढतात. ती भाषणे मोठी असतीलच. पण माझ्या आजोबांना दंडवते माहीत होते ते लाकडी फळ्यांमुळे. १९७७ साली ते रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या लाकडी फळ्यांवर गाद्या येऊ लागल्या. आजोबांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पाठीला मात्र सर्व समजले होते.

त्याच १९७७ च्या निवडणुकीत रामभाऊ म्हाळगी ठाण्यातून लोकसभेवर गेले. ते मूळचे पुण्याचे, आधी विधानसभेत काम केलेले आणि आणीबाणीत तुरुंगात राहिलेले. १९८० साली ते पुन्हा निवडून आले आणि १९८२ साली सदस्य असतानाच वारले. उत्तनला त्यांच्या नावाची प्रबोधिनी आहे, तिथे लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देतात. त्यांच्या पक्षाशी माझे काही देणेघेणे नाही. पण त्यांची एक रीत मला फार मोलाची वाटते. वर्षभरात आपण काय केले याचा लेखी अहवाल ते दरवर्षी मतदारांपुढे ठेवत. मागितला म्हणून नव्हे, आपण होऊन. आज आपल्याला अहवाल मिळतो तो वाढदिवसाच्या फलकावर, त्यात मजकूर थोडा आणि चेहरे फार.

९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान धावत्या लोकलमधून प्रवासी पडले आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. माझे बाबा डोंबिवलीहून भायखळ्याला कामाला जातात. त्यांचा फोन लागेपर्यंत आई दारातच उभी होती. रात्री बाबा म्हणाले, “एवढे खासदार पाठवतो आपण, कोणी विचारतं का तिथे?” रेल्वे हा केंद्राचा विषय, तेव्हा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता. मी लोकसभेच्या संकेतस्थळावर शोधले. उपनगरी रेल्वेवरचे प्रश्न होते आणि मंत्रालयाची उत्तरेही होती, इंग्रजीत आणि हिंदीत. इंग्रजी उत्तर मी शब्दकोश घेऊन वाचले. हिंदी तर इतके सरकारी की शब्दकोश तिथेही लागला. मराठीत एक ओळ नाही. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत पटलावर ठेवले गेले होते आणि ते डोंबिवलीच्या फलाटापर्यंत पोहोचलेच नव्हते.

म्हणून माझे मत असे की, शपथेच्या भाषेवरून आपण उगाच भांडतो. खासदाराने दिल्लीत इंग्रजीत बोलावे, हिंदीत बोलावे, मराठीत बोलावे. ज्या भाषेत त्याचे काम होते ती त्याची. परंतु काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे त्याने आम्हाला आमच्या भाषेत येऊन सांगितले पाहिजे. ती सक्ती कोणत्याच कायद्यात नाही. म्हाळगींवरही नव्हती.

तोपर्यंत आपल्याला थोडे करता येईल. मराठी विभागाच्या भित्तिपत्रकाचा उजवा कोपरा वर्षातले आठ महिने रिकामा असतो. टाचण्या तेवढ्या असतात. प्रत्येक अधिवेशनानंतर ठाणे, कल्याण आणि भिवंडीच्या खासदारांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे साध्या मराठीत तिथे लावावीत, असे मी विभागात विचारले. परवानगी मिळाली आहे. रेल्वेचे एक उत्तर मी करून पाहिले, दीड पान व्हायला चार संध्याकाळी गेल्या. बाबांना वाचून दाखवले. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, “म्हणजे नक्की कधी?” ते त्या उत्तरात नव्हते.

दोन विद्यार्थी हवे आहेत. इंग्रजी माझ्यापेक्षा बरे असावे, आणि अडकल्यावर हसणारे नसावेत. दुपारी दोननंतर मी ग्रंथालयात असते.