माघारीचा हुकूम कोण देणार?

१४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनी १९४४च्या मुंबई गोदीतील स्फोटाची आठवण निघते. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. आग लागल्यावर जहाज जागीच बुडवायचे की ओढून बाहेर न्यायचे, हे कोणीच ठामपणे ठरवले नाही आणि जवान पाणी मारत राहिले. चारनंतर जहाज फुटले. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या शौर्याला सलामी दिली जाते, ती योग्यच. पण निर्णय घेणारा नसला की शौर्याची काय गत होते, हा त्या दिवसाचा दुसरा धडा आपण सोयीने विसरतो. आज तो आठवायची सर्वाधिक गरज जंगलात आहे.

कारण हा दिवस येतो ऐन वणव्यांच्या हंगामात. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. पुढचे काम वारा करतो. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. जून २०२४मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात वनखात्याच्या पथकातील चौघांचा जागीच तसाच अंत झाला.

डोंगरावर ना नळ, ना बंब. हातात हिरव्या फांद्यांचा झाडू, फार तर पाठीवर ब्लोअर. आगीच्या कडेने झोडपत जायचे, पुढे जाऊन आग अडवणारी जाळरेषा काढायची की समोरून उलट आग सोडायची, हे उतार, वारा आणि गवत पाहून काही मिनिटांत ठरवावे लागते. आग चढावर धावते. त्यामुळे खाली आग आणि वर माणसे याहून वाईट जागा नाही. आधीच जळून काळा पडलेला पट्टा त्यातल्या त्यात सुरक्षित. हे अंगवळणी पडलेला माणूसच वेळेवर ‘मागे फिरा’ म्हणू शकतो.

मात्र ते एकट्याला कळून भागत नाही. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेत मोंटानातल्या मॅन गल्च घळीत वाळलेले गवत जाळत वणवा तो विझवायला गेलेल्या पथकाच्या मागून चढत आला. पथकप्रमुख वॅग्नर डॉजने काडी ओढून स्वतःच्या पुढ्यातले गवत पेटवले, सोबत्यांना त्या जळक्या जागेत बोलावले आणि तो पालथा पडून राहिला. कोणीही आले नाही. हा उपाय त्यांना कधी शिकवलेलाच नव्हता. डॉज वाचला, दोघे धावत माथ्यापलीकडे निसटले, तेरा जण मेले. पुढे १९५७मध्ये तिथल्या वनसेवेने दहा स्थायी आज्ञा घालून दिल्या: आगीवर नजर ठेवणारा नेमा, सुटकेची वाट आधी ठरवा, वगैरे. आज तिथे पथकनायक होण्याआधी प्रत्यक्ष आगीवर केलेल्या कामाची नोंद आणि अनुभवी माणसाची सही लागते. तरीही तिथल्या वणवा विझवणाऱ्या जवानांची कागदोपत्री ओळख वर्षानुवर्षे ‘वन तंत्रज्ञ’ अशीच होती; त्यांच्यासाठी स्वतंत्र पदश्रेणी ठरली ती २०२२मध्ये.

आपल्याकडे शहरी दलात शिडी आहे. अग्निशामक म्हणून लागलेला माणूस परीक्षा देत, अनुभव जमवत अधिकारी होऊ शकतो. त्यासाठी शिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात, म्हणजे विदर्भातल्या जंगलांच्या उंबरठ्यावरच आहे. आणि त्याच जंगलात वणव्याला भिडणारा माणूस रोजंदारीवर! हंगाम संपला की त्याचे काम संपते, आणि कोणत्या दरीत वारा कधी फिरतो हे त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाते. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश आज वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. पण आग कुठे आहे एवढेच उपग्रह सांगतो. तिच्यापुढे उभे राहायचे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.

तेव्हा सरकारने तीन गोष्टी कराव्यात. हंगामी अग्निरक्षकांच्या कामाची नोंदवही ठेवून तो अनुभव वनखात्याच्या भरतीत धरावा. त्यांना नागपुरात वणव्याचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे. आणि पथकनायकाला माघारीचा हुकूम देण्याचा अधिकार लेखी द्यावा, त्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही अशा हमीसह. जळालेले जंगल दोन-चार पावसाळ्यांत सावरू लागते. मेलेल्या मजुराचे घर तसे सावरत नाही.